मोटरसायकलची फ्रेम बांधताना : वेल्डिंग मशीन, ट्यूब आणि फिलरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेम बांधायचं डोक्यात आलं की माणूस आधी मशीनच्या जाहिराती चाळतो, मग ट्यूबच्या भारी भारी नावांवर रात्री घालवतो. कापलेल्या दोन ट्यूब एकमेकींना नीट टेकतात का, हा विचार सगळ्यात शेवटी येतो. माझ्या मते हा क्रम अगदी उलटा हवा. तरीही खाली उत्तरं त्याच क्रमाने दिली आहेत, कारण प्रश्न त्याच क्रमाने येतात.

टिग, मिग की साधं आर्क वेल्डिंग?

एकच मशीन घेणार असाल आणि शिकायला वेळ असेल, तर टिग, म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या कांडीच्या टोकातून निघणाऱ्या आर्कने (विजेच्या सलग ठिणगीने) केलेलं वेल्डिंग. त्यात उष्णता एका हातात (किंवा पायाखाली) असते आणि फिलर (सांध्यात वितळवून भरायची धातूची कांडी) दुसऱ्या हातात, म्हणजे दोन्हीवर वेगवेगळा ताबा राहतो. फ्रेमच्या ट्यूबची जाडी बहुधा दीड ते अडीच मिलिमीटर असते आणि सांधे अडचणीच्या कोनात येतात. तिथे हा ताबा लागतोच. शिवाय टिगमध्ये वितळलेलं तळं डोळ्यांसमोर असतं. दोन्ही बाजू खरंच वितळून एक झाल्या की नाही, हे वेल्ड करतानाच कळतं.

मिगमध्ये फिलरची तार मशीनच पुढे सरकवत राहतं. ते वेगवान आहे आणि लवकर शिकता येतं. कारखान्यांत असंख्य फ्रेम मिगनेच बनतात, त्यामुळे "मिगची फ्रेम म्हणजे कच्ची फ्रेम" हे बोलणं खोटं. फक्त तिथे यंत्रमानव असतो, सेटिंग ठरलेलं असतं आणि तपासणीला माणसं असतात. तुमच्या शेडमध्ये यातलं काही नसतं.

साध्या आर्कच्या रॉडने पातळ ट्यूब जोडणारे हात मी पाहिले आहेत. पण ते हात वीस-पंचवीस वर्षं घासलेले होते. बाकीच्यांनी आर्क मशीनवर जिग (वेल्ड करताना फ्रेम जागच्या जागी धरणारा सांगाडा) बांधावं.

माझ्याकडे मिग आहेच. त्यावर फ्रेम केली तर?

होईल, पण मिगची एक खोड लक्षात ठेवा. ट्रिगर दाबल्यावर पहिले काही मिलिमीटर धातू अजून थंड असतो, तार मात्र वितळून वर बसायला लागलेली असते. वरून वेल्ड भरलेलं, गुळगुळीत दिसतं, पण खाली ते नुसतं चिकटलेलं असतं. ट्यूबचा सांधा जेमतेम काही सेंटिमीटरचा. त्यात तुम्ही चार वेळा थांबून चार वेळा सुरुवात केलीत, तर अशा चार कच्च्या जागा तयार होतात.

उपाय म्हणजे ०.८ किंवा ०.६ मिलिमीटरची तार, सुमारे ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, आणि सुरुवात नेहमी आधीच्या टॅकवर (छोट्या तात्पुरत्या टाक्यावर) किंवा आधीच्या बीडच्या (वेल्डच्या पट्टीच्या) शेपटीवर चढून करणं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवरही काम होतं. शिंतोडे जास्त उडतात आणि आर्क खडबडीत चालतो, एवढंच. बिनगॅसची फ्लक्स भरलेली तार मात्र फ्रेमसाठी टाळा. पातळ ट्यूबवर ती सहज भोकं पाडते, आणि स्लॅग (फ्लक्स वितळून उरलेला कचरा) कोपऱ्यात अडकून बसला तर वरून दिसत नाही.

टिग मशीन घेताना काय बघायचं?

फक्त स्टीलचं काम असेल तर डीसी मशीन पुरेसं आहे. ॲल्युमिनियमला एसी लागतो आणि एसी-डीसी मशीन बरंच महाग पडतं. "पुढेमागे लागेल" म्हणून घेतलेला एसी बहुतेकांकडे धूळ खात पडतो.

त्यापेक्षा पैसे दोन गोष्टींवर घाला. पहिली, हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट. त्यात टंगस्टनची कांडी ट्यूबला न टेकवता आर्क पेटतो. टेकवून उचलायच्या मशीनवरही काम चालतं, पण ट्यूबच्या बेचक्यात दर वेळी टंगस्टनचं टोक बिघडतं आणि त्याचा कण वेल्डमध्ये राहू शकतो. दुसरी, फूट पेडल. सांध्याच्या सुरुवातीला जास्त उष्णता लागते, ट्यूब तापली की कमी. शेवटी तर हळूहळू शून्यावर यावं लागतं. करंट एकदम तोडला की तळं मध्यातून आकसतं, तिथे खळगा राहतो आणि त्या खळग्यात ताऱ्यासारखी बारीक चीर पडते. पेडल असलं की हे सगळं पायाने सांभाळता येतं.

टॉर्चकडे, म्हणजे टंगस्टन धरणाऱ्या हातातल्या मुठीकडे, लोक बघतच नाहीत. मशीनसोबत जाडजूड टॉर्च येतो आणि तो फ्रेमच्या कोपऱ्यात शिरत नाही. हवेवर थंड होणारा छोटा, नऊ नंबरचा किंवा सतरा नंबरचा टॉर्च घ्या. मान वाकवता येणारा मिळाला तर उत्तमच. पाण्यावर थंड होणाऱ्या टॉर्चची इथे गरज नाही.

किती अँपिअरचं मशीन लागेल?

दोनशेचं भरपूर झालं, एकशे साठवरही काम निघतं. ढोबळ हिशेब असा की स्टीलच्या दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर. म्हणजे दोन मिलिमीटरच्या ट्यूबला ८०. हेड ट्यूब (हँडल जिच्यात फिरतं ती पुढची नळी) किंवा ॲक्सलच्या जाड पट्ट्यांसाठी १३० ते १५० लागतील.

ड्यूटी सायकलची चिंता सोडा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं सलग वेल्डिंग. २८ मिलिमीटर ट्यूबचा घेर ८८ मिलिमीटर भरतो, आणि तोही तुम्ही तुकड्यातुकड्याने वेल्ड करणार. मशीनच्या आधी तुम्हीच थकाल.

टंगस्टन कुठल्या रंगाचं?

डीसीवर स्टीलसाठी सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लँथनम मिसळलेलं, नाहीतर करड्या टोकाचं सेरियमवालं. व्यास १.६ मिलिमीटर. जाड भागांसाठी २.४ चं एखाददुसरं जवळ असू द्या. लाल टोकाचं थोरियमवालं जुन्या वेल्डरांच्या आवडीचं आहे आणि चालतंही छान. पण थोरियम किरणोत्सर्गी असतं. टोक घासताना उडणारी त्याची धूळ छातीत कशाला घ्यायची?

टोक पेन्सिलीसारखं करा आणि घासल्याच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवा. त्या आडव्या राहिल्या की आर्क भटकतो.

गॅस कुठला? मिगचं सिलिंडर टिगला चालेल का?

नाही चालणार. टिगला शुद्ध आर्गॉनच हवा. मिगच्या मिश्रणातला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या टंगस्टनला खाऊन टाकतो.

प्रवाह मिनिटाला सहा ते नऊ लिटर. जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण असं वाटतं खरं, पण फार जोरात सोडलेला गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. वेल्डमध्ये टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली की आधी पंखा बंद करा. सिलिंडरचा कॉक फिरवायचं नंतर बघा. नोझलमध्ये गॅस लेन्स (गॅस संथ, सरळ सोडणारी जाळी) बसवली की टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढता येतं आणि बेचक्यात तळं दिसतं. स्वस्तातली ही वस्तू फरक मात्र मोठा पाडते.

पाण्याच्या पाइपची फ्रेम केली तर काय बिघडलं?

पाइप आणि ट्यूब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाइप पाणी-वायू वाहून न्यायला बनवलेला असतो आणि त्याचं माप आतल्या पोकळीच्या नावाने चालतं. "एक इंची" पाइपचा बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटरच्याही पुढे भरतो. ट्यूबचं माप बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी असं असतं, आणि धातूची प्रत ठरलेली असते. पाइपची भिंत फ्रेमसाठी विनाकारण जाड, वजन अवाढव्य आणि स्टील नेमकं कसलं याची खात्री नाही. त्यावर जस्ताचा थर असेल तर तो जळून पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जस्त वेल्डमध्ये मिसळलं तर भोकं पडतात ती वेगळीच.

माइल्ड स्टील घ्यावं की क्रोमोली?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. त्या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडते. ताठपणाच्या बाबतीत दोन्ही सारखीच आहेत. साधं माइल्ड स्टील घ्या नाहीतर ४१३० नंबरचं क्रोमोली, दोन्हींचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०५ गिगापास्कल. घनताही जवळपास तीच. म्हणजे एकाच मापाच्या दोन ट्यूब, एक साधी आणि एक क्रोमोलीची, सारख्याच वजनाच्या आणि सारख्याच वाकणाऱ्या. वळणावर फ्रेम लवचिक वाटत असेल तर नुसती क्रोमोली लावून ती ताठ होत नाही.

फरक आहे तो मजबुतीत. साधं माइल्ड स्टील २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. नॉर्मलाइज केलेलं (तापवून हवेत निवू दिलेलं) ४१३० चारशेच्या पुढेपर्यंत तग धरतं. त्यात सुमारे ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम असतं. या मजबुतीचा फायदा घ्यायचा तर ट्यूबची भिंत पातळ करायला हवी आणि गेलेला ताठपणा परत मिळवायला व्यास वाढवायला हवा. हे न करता तीच जाडी ठेवलीत, तर जास्त पैसे मोजून जवळपास तीच फ्रेम हातात येते. अपघातात किंवा खड्ड्यात ती उशिरा वाकेल, एवढा फायदा मात्र खरा.

मधला आणि माझ्या मते शहाणपणाचा रस्ता म्हणजे मँड्रेलवरून (आतल्या दांड्यावरून) थंड ओढलेली कमी कार्बनची ट्यूब, किंवा कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेली बिनशिवणीची. थंड ओढल्यामुळे ती साध्या ट्यूबपेक्षा बरीच मजबूत होते, मापं काटेकोर असतात, आतून गुळगुळीत असते. वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात तापल्यामुळे ही मजबुती थोडी उतरते, हे हिशेबात धरायचं. पण ती उष्णतेच्या चुका पोटात घालते. पहिल्या फ्रेमला हीच घ्या. शिवणीची साधी ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून कडा विजेने जोडलेली) ट्यूबसुद्धा चांगल्या कंपनीची, प्रतीचा दाखला असलेली असेल तर सबफ्रेम, सीटचा सांगाडा अशा भागांना बेलाशक वापरा. वाकवताना तिची शिवण बाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला न ठेवता बाजूला ठेवा. तिथे ताण सगळ्यात कमी येतो.

व्यास किती आणि जाडी किती?

आकड्यांतच बघू. २५ मिलिमीटर व्यास आणि दोन मिलिमीटर भिंतीची एक ट्यूब. दुसरी ३२ व्यासाची आणि दीड भिंतीची. दोन्हींच्या धातूचं क्षेत्रफळ जवळपास सारखं, १४४ चौरस मिलिमीटर, म्हणजे मीटरला साधारण १.१ किलो. वजन सारखं, पण दुसरी ट्यूब वाकायला पहिलीपेक्षा सुमारे पावणेदोन पट ताठ. ताठपणा बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या चौथ्या घातांमधल्या फरकावर चालतो, त्यामुळे व्यास थोडा वाढवला तरी फार मिळतं.

मग ७० मिलिमीटर व्यास आणि अर्धा मिलिमीटर भिंत का नको? कारण दगड लागला की पोचा येतो, क्लॅम्प आवळला की चेपते, आणि तुमच्या-माझ्यासारख्याच्या हाताने वेल्ड करताना भोक पडतं. मुख्य ट्यूब २५ ते ३२ व्यासाच्या, भिंत दीड ते अडीच, हा पट्टा घरगुती कामाला सोसतो. दीडच्या खाली उतरायचं तर हात तयार हवा. आणि जमेल तिथे त्रिकोण करा. चौकोनी घर कोपऱ्यात मुडपतं, तर त्रिकोणात ट्यूबवर मुख्यतः ओढ आणि दाब येतो. ट्रेलिस (त्रिकोणांच्या जाळीच्या) फ्रेम बारीक ट्यूबच्या असूनही ताठ राहतात त्या याच जोरावर.

हे आकडे सुरुवातीला दिशा मिळावी म्हणून आहेत. तुमचं इंजिन, वजन आणि चाकांमधलं अंतर धरून हिशेब मांडावा लागेलच. तयार फ्रेमचं माप घेऊन तुलना करणं ही सगळ्यात स्वस्त शिकवणी.

फिलर रॉड कुठला?

ईआर ७० एस-२. माइल्ड स्टीललाही तोच, क्रोमोलीलाही तोच.

क्रोमोलीचं नाव ऐकून लोक ४१३० चाच फिलर शोधत फिरतात. तो अशा कामासाठी असतो जिथे वेल्डनंतर अख्खा भाग भट्टीत घालून कडक करायचा असतो. फ्रेमचं तसं काही होत नाही. मग वेल्ड उगाच कडक, ठिसूळ राहतो. ७० चा अर्थ ताणाची मजबुती किमान सत्तर हजार पीएसआय, म्हणजे सुमारे ४८० मेगापास्कल. कागदावर ४१३० पेक्षा हे कमी दिसतं, पण वितळताना ट्यूबमधलं थोडं क्रोमियम-मॉलिब्डेनम वेल्डमध्ये मिसळतं, आणि वेल्डची जाडीही ट्यूबच्या भिंतीपेक्षा जास्त असते. शिवाय किंचित मऊ, ताणलं जाणारं वेल्ड फ्रेमला मानवतं. आणखी मजबुती हवीच असेल तर ईआर ८० एस-डी २ आहे. मिगसाठी ७० एस-६ ची तार सर्रास मिळते आणि चालते.

रॉडचा व्यास १.६ मिलिमीटर. जाड रॉड तळ्यात बुडवला की तळं थिजतं.

क्रोमोली आधी तापवायचं का? नंतर गॅसचा टॉर्च फिरवून ताण काढायचा का?

भिंत तीन मिलिमीटरच्या आत असेल तर आधी तापवायची गरज नाही. धातू हाताला गार लागत असेल तर कोमट करा, बस्स. पण पातळ ट्यूब जाड हेड ट्यूबला किंवा ॲक्सलच्या पट्टीला जोडताना गोष्ट बदलते. जाड तुकडा उष्णता गटकन पिऊन टाकतो, वेल्ड फार झपाट्याने थंड होतं आणि शेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो. तिथे जाड तुकडा दीडशे अंशांपर्यंत तापवून घ्या आणि आर्कचा रोखही त्याच्याकडेच ठेवा.

वेल्ड झाल्यावर पाणी नको, हवेचा पाइप नको, ओलं फडकं नको. वारा नसलेल्या जागी आपोआप निवू द्या. नंतर गॅसचा टॉर्च फिरवून लालबुंद करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, मला ती पटत नाही. नेमकं तापमान मोजल्याशिवाय केलेला हा प्रकार मऊ आणि कडक पट्टे आणखी दूर सरकवतो, आणि सरळ असलेली फ्रेम वाकडी करतो.

ब्राँझ ब्रेझिंग आता कालबाह्य झालंय ना?

अजिबात नाही. वेळखाऊ आहे, म्हणून मागे पडलं. १९५० साली नॉर्टनच्या रेसिंग गाड्यांना मॅककँडलेस बंधूंची 'फेदरबेड' फ्रेम मिळाली आणि मोटरसायकल वळणावर कशी चालावी याचं मापच बदललं. त्या रेसिंग फ्रेमची ट्यूब रेनॉल्ड्स ५३१ ची होती. मँगनीज-मॉलिब्डेनमचं हे स्टील १९३५ पासूनचं. आणि सांधे ब्राँझने भरलेले होते. पुढे रिकमन बंधूंच्या मेटिस फ्रेमही तशाच जुळवलेल्या, वर निकेलचा मुलामा.

यात स्टील वितळतच नाही. ब्राँझ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, स्टीलला त्यासाठी १५०० च्या जवळ जावं लागतं. ट्यूबला कमी झळ पोचते, आणि सांध्याभोवती ब्राँझचा जो गुळगुळीत उतार तयार होतो त्यामुळे ताण एका रेषेत साचत नाही. ज्याच्याकडे ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा संच आहे आणि घाई नाही, त्याने हा मार्ग जरूर बघावा.

एक धोका मात्र ध्यानात असू द्या. ज्या सांध्यावर ब्राँझ लागलंय तिथे नंतर टिग किंवा मिग लावायचं नाही. वितळलेलं तांबं स्टीलच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि सांधा आतून चिरत जातो. जुनी फ्रेम दुरुस्तीला आली की आधी रंग खरवडून बघा, पिवळं दिसतंय का.

ॲल्युमिनियमची फ्रेम घरी जमेल?

वेल्डिंग जमेल, पुढचं अवघड आहे. १९८३ च्या सुझुकी आरजी २५० गॅमापासून ॲल्युमिनियमच्या फ्रेम रोजच्या गाड्यांत दिसू लागल्या, पण त्यामागे भट्ट्या होत्या. ६०६१-टी ६ ही प्रत वेल्ड केली की वेल्डच्या शेजारी तिची निम्म्याच्या आसपास ताकद उडून जाते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम भट्टीत तापवून, विझवून, पुन्हा मुरवावी लागते. यात ती वाकडी होते आणि मग सरळ करावी लागते. शिवाय स्टीलमध्ये ताण ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर थकव्याने ते तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. पहिली फ्रेम स्टीलचीच करा.

स्टेनलेस?

गंजत नाही, दिसतं सुंदर, पण वेल्ड करताना फार ओढतं आणि ट्यूबच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. सायलेन्सरला वापरा.

ट्यूबच्या तोंडांचा काप किती अचूक हवा?

दिव्यासमोर धरल्यावर फटीतून उजेड दिसला तर तो काप अजून झालेला नाही.

हे लिहिताना मी मुद्दाम कडक बोलतोय. एक ट्यूब दुसरीवर बसवायची तर तिचं तोंड माशाच्या जबड्यासारखं खोलगट कापावं लागतं. होल सॉ लावायचं साधन मिळतं, त्याने सरळ कोनातले काप पटापट होतात. बाकी काम अर्धगोल कानशीचं. कागदावर कापाचा नमुना छापून ट्यूबला गुंडाळायचा, ग्राइंडरने जवळपास कापायचं आणि मग कानशीने घासत, लावून बघत, पुन्हा घासत बसायचं. एका सांध्याला अर्धा तास सहज जातो.

फट राहिली तर ती भरायला जास्त फिलर, त्यासाठी जास्त उष्णता, त्यातून जास्त ओढ. वाकड्या निघालेल्या फ्रेमची बहुतेक कुळकथा कापाच्या फटीपासूनच सुरू होते. महागडं मशीन हे सावरून घेत नाही. मी स्वतः सुरुवातीला टॉर्चवर खर्च केला आणि कानस मात्र बोथट वापरत राहिलो.

बंद ट्यूबचा शेवटचा टाका फुटतोच. का?

आतली हवा तापून फुगते आणि शेवटच्या भोकातून वितळलेलं तळं बाहेर फेकते. प्रत्येक बंद ट्यूबला सांध्याच्या आत लपेल असं तीन मिलिमीटरचं भोक आधीच पाडा.

जिग लागतंच का? टॅक मारून डोळ्याने जुळवलं तर?

जिग लागतंच. मोटरसायकलच्या फ्रेममध्ये दोन रेषा जपायच्या असतात. हेड ट्यूबचा अक्ष आणि स्विंगआर्मच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमट्याच्या, पिव्होटचा अक्ष. समोरून पाहिलं तर हे दोन काटकोनात हवेत आणि हेड ट्यूब बरोब्बर मध्यावर. बाकीच्या ट्यूब या दोन रेषांना एकत्र बांधायला असतात.

माझी पहिली फ्रेम दिसायला देखणी होती. बीड अशी की लोक फोटो काढत. मागचं चाक मात्र सहा मिलिमीटर एका बाजूला. डावीकडचे सगळे सांधे एका दमात पूर्ण केले होते, मग उजवीकडे वळलो. वेल्ड थंड होताना आकसतं आणि ट्यूबला स्वतःकडे ओढतं. जे पहिलं वेल्ड होतं ते जिंकतं.

म्हणून क्रम असा धरा. आधी जिगमध्ये अख्ख्या फ्रेमला टॅक. मग माप. मग एका सांध्याचा पाव भाग, तिथून फ्रेमच्या विरुद्ध बाजूच्या सांध्याचा पाव भाग, असं फिरत राहायचं, मध्ये निवू द्यायचं आणि पुन्हा मापायचं. जिगचा पाया जाड आयताकृती नळ्यांचा किंवा जुन्या लोखंडी टेबलाचा, सपाट आणि जड. हेड ट्यूबमधून आणि पिव्होटमधून भरीव रॉड आरपार. इंजिन बसवायच्या जागा खऱ्या इंजिनच्या रिकाम्या केसिंगवर बेतायच्या.

हेड ट्यूब वेल्डनंतर गोल राहत नाही. त्यामुळे कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) बैठकी आधीच पूर्ण मापाला आणू नका. आत अर्धा मिलिमीटर धातू शिल्लक ठेवा आणि फ्रेम पूर्ण झाल्यावर बोअर करून घ्या.

कोपऱ्यांना गसेट लावले की मजबुती वाढते ना?

कधी वाढते, कधी घटते. पत्र्याचा त्रिकोण जिथे संपतो तिथे ट्यूब एकदम ताठची लवचिक होते आणि चीर तिथेच पडते. गसेटची टोकं निमुळती करा आणि टोकाशी ट्यूबवर आडवं वेल्ड घालू नका. बीड लांबीच्या दिशेने धावून टोकाच्या जरा आधी थांबलेली बरी.

वेल्ड घासून गुळगुळीत केलं तर?

नको. जो धातू काढता तोच भार उचलत असतो, आणि ग्राइंडरची आडवी चर म्हणजे चिरेला दिलेलं निमंत्रण.

सफाई कशाने करायची?

आधी घासून चकचकीत धातू, आतून-बाहेरून, सांध्यापासून बोटभर मागेपर्यंत. ट्यूबला कारखान्यातलं तेल असतं आणि ते आतूनही असतं. मग ॲसिटोन आणि स्वच्छ फडकं. फिलर रॉडही पुसा.

ब्रेक क्लीनरचा फवारा मात्र वेल्डिंगच्या टेबलाजवळ आणू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यांचा फॉस्जीन होतो, म्हणजे युद्धात वापरलेला विषारी वायू. डब्यावर काय लिहिलंय ते वाचत बसण्यापेक्षा तो डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. हेल्मेटची काच दहा-अकरा शेडची घ्या आणि मान-मनगट झाकून घ्या. टिगचा आर्क शांत असल्याने तो भाजत नाही असं वाटतं. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं की कळतं.

माझं वेल्ड फ्रेमच्या लायकीचं झालंय हे कसं ओळखू?

फ्रेमची ट्यूब विकत घेतानाच दोन मीटर जास्तीची घ्या. त्याच ट्यूबचे, त्याच कोनाचे सांधे बनवा, टेबलावर ठेवून नव्हे तर फ्रेममध्ये जसे अवघडून करावे लागतील तसे. मग त्यांना मोडा. एक सांधा व्हाइसमध्ये धरून लांब पाइपने वाकवा. ट्यूब चेपली आणि सांधा टिकला तर ठीक. बीडच्या कडेने सुटला तर वितळण कमी झालंय. दुसरा सांधा उभा चिरा, पॉलिश पेपरने घासा आणि आत बघा. भिंतीच्या मुळापर्यंत धातू एकजीव झालाय का? बीडच्या काठाला ट्यूबमध्ये खाच पडलीय का? ती खाच, अंडरकट, दिसायला किरकोळ असते, पण फ्रेम तुटते ती तिथून.

असे दहा सांधे लागोपाठ चांगले निघाले की फ्रेमला हात घाला. दहा हा माझा आकडा आहे. कमी करावासा वाटला तर वाढवा.

फ्रेम तयार झाली, रंग द्यायचा का लगेच?

थांबा. आधी रंग न देता गाडी जुळवून बघा, कारण एखादी पट्टी राहून गेलेली असतेच. रस्त्यावर आणायच्या आधी स्वतः बनवलेल्या वाहनांबद्दलचे तुमच्याकडचे नियम बघा, ते ठिकाणागणिक वेगळे असतात. मग सांध्यांवर लाल रंगाचं डाय पेनेट्रंट फवारा, पुसा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारा. चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. बंद रस्त्यावर थोडं चालवून पुन्हा हेच करा, विशेषतः हेड ट्यूबच्या खालच्या बाजूला, पिव्होटच्या पट्ट्यांशी आणि इंजिनच्या मागच्या माउंटजवळ.

पहिला थर फिक्या रंगाचा द्या. काळ्या जाड पावडर कोटिंगखाली चीर महिनोन्‌महिने दडते. फिक्या रंगावर गंजाची बारीक तपकिरी रेघ धुताना नजरेस पडते.